माझा ग्लास आणि तुमची आडवी बाटली

(नरसी नामदेव येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मावश्यांनो, काकूंनो आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या पोरींनो,

आज मी बिअरबद्दल बोलणार आहे. हसू नका. नामदेव महाराजांच्या गावात, कयाधूच्या काठावर बसून बिअरवर भाषण करणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण विषय तुम्हीच काढलात. मागच्या बैठकीत मी आडवी बाटली म्हणजे काय, अर्ज कुठं करायचा हे सांगत होते. तेव्हा एका मावशींनी विचारलं, "ताई, तुमच्या पुण्या-मुंबईत बायाबी घेतात म्हनं. तुमी घेता का हो?" मी "हो" म्हटलं. सगळ्या एकदम गप्प झाल्या, कुणीतरी पदर तोंडाला लावला, आणि बैठक दुसऱ्या विषयाकडे गेली. पण त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न होता, आणि तो रास्त होता. स्वतः घेणारी बाई आम्हाला दुकान बंद करायला कोणत्या तोंडानं सांगते?

याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून आज जरा सविस्तर सांगते. पटलं नाही तर मध्येच थांबवा.

पहिल्यांदा माझं सांगते. मी समाजकार्याचं शिक्षण घ्यायला मुंबईत गेले तेव्हा पहिल्यांदा बिअर प्यायले. विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडेल अशी एक बाटली चौघीत. 'लंडन पिल्सनर' हे तिचं नाव. मुंबईत तिला नुसतं 'एलपी' म्हणतात. नाव लंडनचं, पण बाटली आपल्याकडचीच. हलकी, थोडी कडवट, उन्हाळ्यात बरी वाटणारी. कुठंही मिळते म्हणून 'किंगफिशर'. 'हेवर्ड्स ५०००' सारखी स्ट्राँग मला कधी आवडली नाही. तिच्यात चवीपेक्षा चढण्याला महत्त्व. पुढं पुण्यात नोकरीला लागल्यावर ताजी बिअर प्यायले, म्हणजे हॉटेलातच छोट्या टाकीत तयार केलेली. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झालं. महाराष्ट्रातलं अशा प्रकारचं ते पहिलं. मग अशी ठिकाणं वाढत गेली. डोंबिवलीत 'गेटवे' नावाची छोटी ब्रुअरी निघाली, पुण्यात 'ग्रेट स्टेट' निघाली. त्यांनी तर कोकम आणि मीठ घालून बिअर केली. सोलकढीची आठवण व्हावी अशी आंबट-खारट. मला मात्र सगळ्यात आवडते ती गव्हाची बिअर. गढूळ दिसते, पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो, कडूपणा अगदी कमी. तीन-चारशे रुपयांना एक ग्लास. महिन्यातून एखाद्या वेळी, पगार झाल्यावर, मैत्रिणींबरोबर. एक ग्लास, फार तर दीड.

एवढंच माझं व्यसन म्हणा, शौक म्हणा. हे सांगताना मला लाज वाटत नाही आणि अभिमानही वाटत नाही. लाज वाटत नाही, कारण ते पैसे मी कमावलेले आहेत, ग्लास मध्येच खाली ठेवायची मुभा मला आहे, आणि मी प्यायले म्हणून घरी कुणाचं पोर उपाशी झोपत नाही, कुणाला दाराआड लपावं लागत नाही. अभिमान वाटत नाही, कारण बाईनं बिअर पिणं म्हणजे मुक्ती, असं मानणाऱ्यांतली मी नाही. पुरुष बरोबर असेल तर वेटर आजही बिअरचा ग्लास त्याच्यापुढं ठेवतो आणि सरबत माझ्यापुढं. तो बदलला पाहिजे हे खरं. पण खुरपणीची मजुरी बाईला कमी आणि बाप्याला जास्त, हे आधी बदललं पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, बिअर म्हणजे नक्की काय? तुम्हाला ती समजायला सगळ्यात सोपी आहे, कारण निम्मं काम तुम्ही रोज करता. जव, म्हणजे आपलं सातू, भिजवायचं. मटकीला आणतो तसे मोड आणायचे. मोड आले की वाळवायचं, थोडं भाजायचं, भरडायचं. नाचणीचं सत्त्व करताना आपण करतो तसंच. मग ते गरम पाण्यात ठेवलं की गोड पाणी सुटतं. त्यात हॉप नावाच्या वेलीची कडू फुलं घालून उकळायचं. निवल्यावर यीस्ट घालून आंबवायचं. इडलीचं पीठ रात्रीतून फुगतं, आंबील आंबते, तशीच ही गोष्ट. फरक एवढाच की इथं आंबताना साखरेचा अल्कोहोल होतो. देशी दारू किंवा हातभट्टी याच्यापुढं एक पायरी जाते. मळी, गूळ किंवा मोह आंबवून ते रसायन भट्टीवर चढवतात आणि वाफ गार करून थेंब थेंब गोळा करतात. म्हणून ती इतकी कडक.

हे काम मुळात बायकांचं होतं, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. आजच्या इराकमध्ये जुनी सुमेर संस्कृती होती. तिथं निंकासी नावाची बिअरची देवी होती, देव नव्हे. सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर तिचं स्तोत्र सापडलं. त्या स्तोत्रातच बिअर करण्याची रीत आहे. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकापर्यंत घरोघरच्या बायका एल नावाची बिअर करत. घरापुरती ठेवून उरलेली विकत. विधवांना, एकट्या बायकांना त्याचा आधार होता. पुढं हॉप आली आणि बिअर टिकू लागली. टिकू लागली तशी मोठ्या प्रमाणावर करता येऊ लागली. मोठ्या प्रमाणाला भांडवल लागलं आणि भांडवल पुरुषांकडे होतं. धंदा बायकांच्या हातून गेला. झारखंडात आदिवासी बायका आजही तांदळाची हंडिया करून बाजारात विकतात. आपल्याकडे आदिवासी भागात मोहाची दारू देवाला चढते, जन्मात-मरणात लागते. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मोहफुलं गोळा करण्यावरची आणि वाहतुकीवरची बंधनं सैल केली. तोवर टोपलीभर फुलं नेणाऱ्या बाईलाही भीती असे.

मग आज बायकांच्या हाती काय राहिलं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी १३.९ टक्के दारू पितात. बायका ०.४ टक्के. म्हणजे हजारात चार. बायका लाजून कमी सांगत असतील हे मान्य केलं, तरी चित्र उघड आहे. पिणारा तो आहे. आणि निस्तरणारी कोण, ते आकडेवारीत शोधायला नको. इथं बसलेल्या प्रत्येकीला ते माहीत आहे.

आता एक हिशेब करू. तो करायला मी पाटी आणली आहे. गावात पोरं म्हणतात, "बिअर म्हणजे काय दारू नव्हं." आई विचारते तेव्हा पोरगा सांगतो, "बिअर घेतली फक्त." आई बिचारी समाधान मानते. बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचायला शिका. माइल्ड बिअरमध्ये ते ५ टक्क्यांपर्यंत असतं, स्ट्राँगमध्ये ८ टक्क्यांपर्यंत. मोठी बाटली ६५० मिलिलिटरची. माइल्डची एक बाटली म्हणजे सुमारे ३२ मिली निव्वळ अल्कोहोल. स्ट्राँगची एक बाटली म्हणजे ५२ मिली. देशीत प्रमाण सुमारे ४२.८ टक्के, १८० मिलीच्या एका पाव्यात ७७ मिली. म्हणजे स्ट्राँग बिअरच्या दीड बाटलीत देशीचा एक अख्खा पावा असतो. नुसता पाण्यात लपलेला. आपल्या देशात खपणारी बहुतेक बिअर स्ट्राँगच आहे. माझा गव्हाच्या बिअरचा एक ग्लास म्हणजे सोळा-सतरा मिली. कायदाही यात फरक करतो. महाराष्ट्रात बिअरला २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूला २५. पण शॉपीच्या खिडकीतून हात आत घालणाऱ्या पोराचं वय कोण विचारतं?

दुसरा हिशेब पैशाचा. जून २०२५ मध्ये सरकारनं दारूवरचा कर वाढवला. देशीच्या १८० मिलीची किमान किंमत ८० रुपये ठरली. घरातला एक माणूस रोज एक पावा घेतो असं धरा. महिन्याला २,४०० रुपये. वर्षाला २९,२०० रुपये. देशीवरचं उत्पादन शुल्क त्याच वेळी प्रूफ लिटरमागे १८० रुपयांवरून २०५ वर गेलं. त्या दरानं एका पाव्यामागे सुमारे २८ रुपये सरकारच्या तिजोरीत जातात. तीस पाव्यांचे सुमारे ८३० रुपये. विक्रीवरचा कर वेगळाच. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला १,५०० रुपये बाईच्या खात्यावर यायला लागले. आता तुम्हीच सांगा, बहिणीच्या खात्यात आलेल्या पंधराशेतले आठशे तीस दाजींच्या हातून कोणाकडे परत गेले? त्या पंधराशेवर नवऱ्यानं हक्क सांगितल्याची गोष्ट तर तुमच्यापैकी कितीजणींनी मला सांगितली आहे.

तिसरा हिशेब पाण्याचा. आपला मराठवाडा दुष्काळाचा, आणि बिअरचे मोठे कारखानेही मराठवाड्यातच. वाळूजला, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत. एक लिटर बिअर तयार करायला धुण्या-पुसण्यासकट चार-पाच लिटर पाणी लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. त्याच एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं दारूच्या आणि बिअरच्या कारखान्यांचं पाणी आधी ५० टक्के आणि मे महिन्यात ६० टक्के तोडायचा आदेश दिला. तोवर बाई हंड्यासाठी रांगेत आणि कारखाना नळावर, हे चालूच होतं. मी ज्या ग्लासाचं कौतुक केलं त्यातही कुठल्यातरी धरणाचं पाणी आहे, हे मी विसरू नये. तुम्हीही मला विसरू देऊ नका.

आता आपल्या चळवळीबद्दल. दारूविरुद्ध बायका उभ्या राहिल्या, ही काही आजची गोष्ट नाही. निजामाच्या राज्यात शिंदीचं अबकारी उत्पन्न निजामाच्या तिजोरीत जाई. म्हणून १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात शिंदीची झाडं तोडणं हा सत्याग्रहाचा भाग झाला. १९७० च्या दशकात त्या वेळच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याकडे, आदिवासी बायकांनी शिबिरं घेतली आणि गावोगावच्या गुत्त्यांवर जाऊन मडकी फोडली. १९९२ मध्ये आंध्रात, नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावात, साक्षरता वर्गात बसलेल्या बायकांनी अरकाचं दुकान बंद पाडलं. अक्षर शिकता शिकता हा विषय निघाला होता. ते लोण राज्यभर पसरलं आणि जानेवारी १९९५ मध्ये आंध्रात संपूर्ण दारूबंदी आली. १९९७ मध्ये सरकारनं ती उठवली. महसूल बुडत होता.

आपल्याकडे वर्धा १९७४ पासून, गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचे जिल्हे. चंद्रपुरात बायकांनी मोठा लढा दिला. १ एप्रिल २०१५ ला तिथं बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारनंच ती मागं घेतली. या सगळ्यातून मी दोन गोष्टी शिकले. वरून आलेली बंदी वरूनच उठते, ही पहिली. आणि बंदीनं दुकान बंद होतं, पिणं आपोआप बंद होत नाही, ही दुसरी. ते चोरवाटेनं येतं, महाग होतं आणि कधी विषारी होतं. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. त्यात कुणी श्रीमंत नव्हतं. आणि पोलिसांची धाड पडते तेव्हा सापडते कोण? बहुतेक वेळा नवरा गेलेली, शेत नसलेली, दोन कॅन गाळून पोरं जगवणारी बाई. ठेकेदार सापडत नाही. म्हणून माझी विनंती आहे, मोर्चा काढाल तेव्हा तिच्या झोपडीवर पहिला दगड टाकू नका. आधी तिला गटात घ्या. शेळी घ्यायला कर्ज द्या, हळदीच्या प्रतवारीचं काम द्या, मग भट्टी विझवा.

आणखी एक नाजूक गोष्ट. दारू सुटली की मार सुटेल, अशी आपली समजूत आहे. मीही गावोगाव हे ऐकते. "माणूस चांगला हाय हो, दारू वाईट." त्याच पाचव्या पाहणीत देशभराचा आकडा आहे. ज्यांचा नवरा वारंवार पिऊन येतो अशा शंभर बायकांपैकी ७० जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. ज्यांचा नवरा पीतच नाही त्यांच्यात शंभरात २३. सत्तर आणि तेवीस यांत मोठा फरक आहे, म्हणून दारूविरुद्धची आपली लढाई खरी आहे. पण ते तेवीस विसरू नका. त्या घरात बाटली नाही, माळ आहे, एकादशी आहे, आणि तरी हात उठतो. हात उठतो कारण तो उठला तरी काही होत नाही, हे त्याला माहीत असतं. आणि पिणारासुद्धा पाटलाला मारत नाही, फौजदाराला मारत नाही, घरी येईपर्यंत हात आवरून धरतो. म्हणजे भान असतंच की. दारू सबब होते. म्हणून २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा लक्षात ठेवा. त्याखाली घरातून न हाकलण्याचा आणि मारहाण थांबवण्याचा आदेश मिळतो. तो पिऊन होता की शुद्धीवर होता, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही.

माळेचा विषय निघालाच आहे तर बोलते. या गावात दारू सोडवण्याचा सगळ्यात जुना मार्ग माळ घालण्याचा आहे. किती बायकांनी नवऱ्याला वारीला धाडलं, हातापाया पडून गळ्यात तुळशीची माळ घालवली, आणि घर सावरलं. या उपायाला मी हसणार नाही. सरकारनं उभारलेल्या व्यसनमुक्ती केंद्राच्या आधी शेकडो वर्षं हे चालू आहे, आणि त्यात माणसाला सोबत मिळते, भजनी मंडळ मिळतं, संध्याकाळ घालवायला जागा मिळते. दारू सुटलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं. फक्त माळ तुटली तर दोष बाईवर येऊ नये. "तूच कटकट केलीस म्हणून पुन्हा लागली," हे मी फार ऐकलं आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक सोडली तर हातपाय कापतात, भास होतात, कधी फिट येते, जिवावर बेततं. अशा वेळी देवळाबरोबर दवाखानाही गाठा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मी घेते, आणि तरी तुमच्या आडव्या बाटलीला माझा पाठिंबा का?

कारण दोन्हीच्या मुळाशी एकच मागणी आहे. माझ्या ग्लासाचा निर्णय मी घ्यावा. तुमच्या गावात दुकान असावं की नाही, याचा निर्णय तुम्ही घ्यावा. आजवर दोन्ही निर्णय आपल्याला विचारून झाले नाहीत. बाईच्या रक्षणाच्या नावाखाली तिलाच बाहेर ठेवायचं, ही आपल्या सरकारांची जुनी खोड. दिल्लीत लागू असलेला एक जुना अबकारी कायदा होता. जिथं दारू प्यायली जाते तिथं बाईनं नोकरी करू नये, असं तो म्हणे. डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अट घटनाबाह्य ठरवली. बाईला घरी बसवण्यापेक्षा तिला सुरक्षित काम करता येईल अशी व्यवस्था करा, असा त्या निकालाचा आशय. महाराष्ट्रात २००५ मध्ये डान्स बार बंद केले, आणि हजारो बायकांची रोजी गेली. बार मात्र चालूच राहिले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी घटनाबाह्य ठरवली. म्हणून मी सावध असते. दारूविरुद्ध बोलता बोलता आपण पिणाऱ्या बाईविरुद्ध, बारमध्ये काम करणाऱ्या बाईविरुद्ध, रात्री उशिरा घरी येणाऱ्या पोरीविरुद्ध बोलायला लागलो, तर दुकानदार तेवढा हसत राहील.

पण आडव्या बाटलीत निर्णय वरून येत नाही. तो तुमच्या हातानं होतो. त्याचे नियम नीट समजून घ्या, कारण लढाई बहुतेक वेळा नियमात हरते.

राज्य सरकारचा आदेश मार्च २००८ चा आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के बायकांनी सह्या करून परवाना असलेलं दुकान बंद करण्याची मागणी करायची. जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे अर्ज जातो. सह्यांची पडताळणी होते. मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. एकूण नोंदणी झालेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली, तर दुकान बंद.

इथं खरी मेख आहे. निम्मी मतं आलेल्या बायकांची नव्हेत, यादीतल्या सगळ्या बायकांची. समजा यादीत १,२०० बायका आहेत. अर्जाला ३०० सह्या लागतील. जिंकायला ६०१ मतं लागतील. आता समजा त्यातल्या ३०० जणी उसाच्या फडावर गेल्या आहेत. कोयत्याची उचल घेतली की दिवाळीनंतर गाव रिकामं होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत भरत नाही. मग उरलेल्या ९०० मधून ६०१ मतं आणायची, म्हणजे तीनातल्या दोघी आपल्या बाजूनं हव्यात. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीला मत देऊन जाते. लग्न होऊन गेलेल्या लेकीचं नाव यादीत राहिलं असेल तर तीही, मेलेल्या आजीचं नाव राहिलं असेल तर तीही. म्हणून तीन कामं आधी. मतदार यादी आणून एकेक नाव वाचा आणि चुकीची नावं कमी करायचे अर्ज द्या. मतदानाची तारीख ऊसतोडीच्या हंगामात येणार नाही हे बघून अर्ज करा. आणि ओळखपत्र नसलेल्या बायकांची कागदपत्रं आत्ताच पुरी करा. मोर्चाच्या घोषणा त्यानंतर.

मतदानाच्या आदल्या रात्री काय होतं तेही सांगते. पातळं वाटली जातात. घरोघर निरोप जातो, "मालकीणबाईला उद्या रानात घेऊन जा." सासू-सुनेत भांडण लावलं जातं. त्या दिवशी रस्त्यानं एकटीनं येऊ नका, गल्लीनं मिळून या. चिठ्ठी गुप्त आहे हे प्रत्येकीला दहादा सांगा. नवऱ्यापुढं मान हलवून आत आडव्या बाटलीवर शिक्का मारता येतो. ते पाप नाही, तो हक्क आहे.

आणि एक विचार जाण्याआधी करा. हे मतदान करायचंच, असं मी सांगायला आलेले नाही. दुकान गेलं तर चार कोसांवरच्या गावातलं दुकान आहेच. पिणारा तिकडं जाईल, रात्री मोटारसायकलवरून परत येईल. हातभट्टी वाढेल का, वाढली तर कोण थोपवणार, पोलीस पाटलाशी कोण बोलणार, सुटू पाहणाऱ्यांना दवाखान्यात कोण नेणार, हे ठरवल्याशिवाय अर्जावर सह्या करू नका. ठरवलंत तर मात्र दुकान जाण्यानं फरक पडतो. रोजच्या वाटेवरची खिडकी बंद झाली की मजुरीचे पैसे घरापर्यंत पोचण्याची शक्यता वाढते. शाळेतून येणाऱ्या पोरी मान खाली घालून पळत नाहीत. संध्याकाळी बायका पारावर बसू शकतात.

मतदान झालं आणि तुम्ही जिंकलात, तर मी साजरं करायला येईन. मी काय पिते त्यावर तेव्हा खुशाल थट्टा करा. पण तोवर मतदार यादी. ती पुढच्या बैठकीला आणायची जबाबदारी कोणाची, ते आत्ता उठण्याआधी ठरवू. दोन नावं द्या.